पूर्णेला गाडी थांबतीच

२० जानेवारी, सोमवार

ही डायरी ह्यांची. दरसाल कुणीतरी एक द्यायचं आणि हे पहिल्या पानावर 'नागनाथ, पॉइंटमन, पूर्णा जंक्शन' एवढं लिहून कपाटात टाकायचे. माणूस जाऊन चार वर्षं झाली, कोऱ्या डायऱ्या तशाच राहिल्या. दवाखान्यातल्या भक्ती मॅडम म्हणाल्या, "ताई, गोळ्या, ताप, काय विचारायचं ते, सगळं लिहून ठेवत जा." म्हणून एक काढली. जुनं साल खोडलं. रोज लिहीन असं काय न्हाई.

तर बसू. म्हणजे बसवेश्वर, माझा धाकटा भाऊ, वय त्रेचाळीस. पाच आठवडे झाले, परभणीच्या सरकारी दवाखान्यात हाय. मणक्यात टीबी, दोन्ही पायांत ताकद न्हाई. आणि रक्तात ते. नाव लिहायचं न्हवतं, पण डायरी वाचायला कोण बसलंय? एचआयव्ही. लिहिलं बाई एकदाचं.

डॉक्टर म्हणायलेत, गोळ्या लागू पडल्या, ताप गेला, आता दवाखान्यात करण्यासारखं काय उरलं न्हाई. वर्षभर वेळच्या वेळी गोळ्या, पोटभर खाणं, दोन-दोन तासाला कूस बदलणं, पायांचा व्यायाम. पाय परत येतील बी. पण ते करणारं माणूस पाहिजे. पंधरा फेब्रुवारीच्या आत घेऊन जा म्हणाले.

कुठं घेऊन जा? हे कुणी सांगंना.

आणखी एक जोखीम माझ्याकडं हाय. आला त्याच दिवशी त्याला त्या मोठ्या मशीनमध्ये घालायचं होतं. नर्स म्हणाली, अंगावर धातू चालत न्हाई, आणि त्याच्या गळ्यातली चांदीची डबी काढून माझ्यापुढं धरली. आतलं लिंग जन्मल्यावर स्वामींनी बांधलेलं. आमच्यात, लिंगायतांत, ते जित्या माणसाच्या अंगावरून उतरवत न्हाईत, आणि मेल्यावर डाव्या तळहातावर ठेवून संगंच मातीत देतात. मी रुमाल पसरला, त्यात घेतलं. घरी आणून गरम पाण्यानं धुतलं, नवा दोरा ओवला, देव्हाऱ्यात ठेवलं. रोज भस्म, बेल, पाणी. त्यात कसूर न्हाई माझ्याकडून.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळच्या गाडीनं परभणी. मुगाची पातळ खिचडी, तूप घालून. डबा टेबलावर ठेवला. बसूनं कोपरावर उठून, हात लांबवून, सरकवत सरकवत ओढून घेतला. चांगलं हाय, तेवढाच हाताला व्यायाम.

मी पायथ्याशी उभी राहून बोलते. जवळ स्टूल हाय, पण त्यावर कोण कोण बसत असंल.

म्हणाला, "अक्का, लिंग आणलंस का?"

"हितं नको रे. कुणाचे बी हात लागतात. चांगली जागा मिळू दे, मग बांधते."

"बरं," म्हणाला. लहानपणी असा 'बरं' म्हणणारा न्हवता. हट्ट करून अख्खा वाडगा पालथा घालायचा.

घरी येऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. मॅडम शंभरदा सांगतात, हात लावल्यानं, संगं जेवल्यानं, कपडे धुतल्यानं काय होत न्हाई. मला कळतंय की. मी काय अडाणी हाय? पण दवाखान्यातून आल्यावर हात धुवावेतच माणसानं.

२७ जानेवारी, सोमवार

ताडकळसला जाऊन आले. अण्णाला, म्हणजे थोरल्या विरुपाक्षाला, तोंडावर सांगायचं ठरवून गेले होते. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक न्हवतं. म्हटलं, "मागच्या अंगाला खोली पडून हाय. पोत्यांच्या जागी भावाला ठेव."

अण्णा कुलपाशी खेळत बसला. "वैजू, गावाला कळलं तर माझ्या दुकानातला गूळ कोण नेईल? पोरीची सोयरीक जमत आलीय."

"सख्खा भाऊ हाय."

"सख्खा हाय म्हणूनच. परका असता तर ठेवला असता, लोक धर्मात्मा म्हणाले असते."

काय बोलावं अशा माणसाला! काळीज न्हाई, वजनाचं माप हाय. निघताना गुळाची ढेप, शेंगदाणे, तांदूळ, सगळं पिशवीत कोंबलं. "त्याला गुळाचा लाडू आवडतो," म्हणाला, आणि डोळे पुसायला पोत्यांमागं गेला. रडून काय होतंय? जागा द्यायला पाहिजे.

माय ओसरीवर वाती वळीत होती. तिला ह्यातलं काय ठाऊक न्हाई. बसू हैदराबादलाच हाय, हॉटेलात काम करायलाय, असंच तिला सांगितलेलं. तो दवाखान्यातून फोन बी तसाच करतो. माय म्हणाली, "परवा फोनवर त्याच्या बाजूला कुणीतरी लय खोकत होतं वं."

"संगतीचा असंल कुणी," मी म्हटलं.

"त्याला म्हणावं, संगत बदल. आन शिवरात्रीला ये म्हणावं. मागल्या साली बी आला न्हाई." अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली, पण एसटीचा आवाज आला की मान अजून रस्त्याकडं वळती.

१ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी शिवकुमारची खोली झाडते. लेक पुण्याला, दिवाळीला दोन दिवस आला होता. पलंगावरची चादर बदलली. पंख्यावरची धूळ काढली. त्याची बॅट दाराआड तशीच हाय. खिडकीतून रूळ दिसतात, गाडी गेली की तांब्या वाजतो. खोलीला वापर न्हाई म्हणून कुबट वास येतोय. दिवसभर खिडकी उघडी ठेवली.

एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे शिक्षाच. भाकरी एक थापावी तर तवा तापण्यातच जळण जातं, दोन थापाव्या तर एक उरती. शिळी कुत्र्याला घालते. त्या कुत्र्याशीच काय ते दिवसभरातलं बोलणं.

५ फेब्रुवारी, बुधवार

तीन जागा झाल्या. नांदेडकडचा वृद्धाश्रम: साठीच्या पुढचेच घेतात, आणि चालता आलं पाहिजे. चालता आलं असतं तर तुमच्या दारी कशाला आले असते? लातूरकडची एक: फक्त लेकरं घेतात. तिथं ओट्यावर दहा-बारा लेकरं अभ्यास करत होती, सगळी तसलीच, हसायला लागली की दात दिसायचे किडलेले. एकीनं मला पाणी आणून दिलं. प्याले मी. परत येताना गाडीत मनात आलं, पाणी प्याले की मी. मग त्यावर विचार केला न्हाई.

तिसरीवाला फोनवर गोड बोलत होता. आजाराचं नाव काढल्यावर म्हणाला, नियमात बसत न्हाई. मी म्हटलं, मॅडमनं कायदा सांगितलाय, असं नाकारता येत न्हाई. फोन कट.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भक्ती मॅडमनी कोण कुठल्या संस्थेला फोन केले त्याची यादी दाखवली. पोरगी जिवाचं रान करायलीय. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी एकटीच की."

"खोल्या?"

"दोन आणि स्वयंपाकघर. पण एक लेकाची हाय."

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या, बोलल्या काहीच न्हाईत. दमल्या असतील बिचाऱ्या, दिवसभर लोकांची तीच रडगाणी ऐकायची. मी त्यांना अण्णाची कहाणी सांगितली, सख्खा भाऊ असून कसा वागला ते. ऐकून घेतली त्यांनी.

डॉक्टरांकडून अठ्ठावीसपर्यंत मुदत वाढवून घेतलीय. त्याच्या पुढं एक दिवस न्हाई. बाहेर व्हरांड्यात पेशंट खाली निजलेत, खाट अडवून ठेवता येत न्हाई म्हणाले. खरंच हाय ते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बसूला आज विचारलं, "कुठून आणलंस रे हे?"

छताकडं बघत म्हणाला, "तुझ्या मनात असलेलं सगळं खरं धर अक्का. न्हाईतर सगळं खोटं धर. पाय तेवढेच राहणारेत."

मी चिडून निघाले. गाडीत बसल्यावर रडू आलं. मी सातवीत असताना हा दोन वर्षांचा होता, कडेवरून खाली उतरत न्हवता. शाळेत न्यायची मी त्याला. गुरुजी म्हणायचे, वैजयंती, तुझं नाव एक आणि हजेरी दोन. त्याच्या लाळेनं माझा खांदा कायम ओला असायचा. तो ओला खांदा मला आज गाडीत जसाच्या तसा आठवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मिळाली! जागा मिळाली! अकोल्याच्या पुढं एक संस्था हाय, बाया चालवतात. अठरा खाटा, एक मोकळी झाली. व्यायाम करून घेणारा माणूस बी हाय. मॅडम म्हणाल्या, चांगली हाय, त्यांनी स्वतः बघितलीय. अठ्ठावीसला आणा म्हणाले. गाडीत आडवं नेता येतंय, डॉक्टरांची ना न्हाई, कंबरेला पट्टा बांधून.

शिवरायांच्या जयंतीचे ढोल वाजायलेत रस्त्यावर. मला वाटलं, माझ्यासाठीच वाजायलेत. देव्हाऱ्यापुढं साखर ठेवली.

आणि मग जेवण गेलं न्हाई. आनंदाच्या दिवशी असं होतं कधी कधी. शिवकुमारच्या खोलीत जाऊन जरा वेळ बसले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बसूला सांगितलं. मला वाटलं, खुश होईल. म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "अकोल्याची गाडी पूर्णेवरूनच जाती न्हवं?"

"जाती की."

"थांबती का?"

"पूर्णेला गाडी थांबतीच. जंक्शन हाय. वीस वीस मिनिटं थांबती."

"मग खिडकीतून तुझं घर दिसंल, अक्का? निळी टाकी अजून हाय का वर?"

हाय म्हटलं.

"मला त्या बाजूची शीट घे," म्हणाला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजचं आता कसं लिहू.

दहाच्या सुमारास ताडकळसची जीप दारात थांबली आणि मायच उतरली. ना फोन, ना निरोप. शिवरात्रीला लेकीकडं राहते म्हणून अण्णाला सांगून आली, ओच्यात बेल बांधून. मी चहा ठेवायला आत गेले. माय म्हणाली, आधी बेल वाहते. देव्हाऱ्यापुढं बसली.

माझ्या ध्यानातच आलं न्हाई. देवाशप्पथ आलं न्हाई!

आतून ऐकते तर आवाज न्हाई. बाहेर आले तर माय डबी हातात घेऊन बसलेली. डबीच्या झाकणाला पोचा हाय, बसू चार वर्षांचा असताना दाताखाली धरून चावला होता. माय त्या पोच्यावरून अंगठा फिरवत होती.

"हे हितं कसं?"

मी पदराला हात पुसत राहिले.

"गेला माझा बसू," माय म्हणाली. ओरडली न्हाई. हळूच म्हणाली, मग मोठ्यानं, मग छाती बडवून. "परक्या गावात गेला! परक्यांनी जाळला का गं त्याला? आन हे तेवढं घरी धाडलं? मातीत त्याच्या हातावर द्यायचं हुतं गं हे! रिकाम्या हातानं गेलं माझं लेकरू!"

शेजारच्या दगडाबाई धावत आल्या. मी मायचे दोन्ही हात धरले. "माय, जित्ता हाय! जित्ता हाय बसू! परभणीला हाय, दवाखान्यात!"

"खोटं बोलू नगं."

फोन लावून दिला. तिकडून बसू म्हणाला, "माय, मी हैदराबादहून बोलायलोय." एवढ्यात बी खोटं. मायनं फोन कानाला घट्ट दाबला आणि म्हणाली, "बोल. काय बी बोल. खोटं बोल, पण बोलत राहा."

दगडाबाई गेल्यावर सगळं सांगितलं. टीबी, पाय, आणि ते दुसरं बी. मला वाटलं, आता दुसऱ्यांदा छाती बडवंल. मायनं पदरानं तोंड पुसलं. "एवढंच ना? मी माती देऊन बसले हुते त्याला." मग डबीकडं बघून म्हणाली, "आन लिंग हितं आणलंस. त्याला तिथंच ठिवलंस."

मी मशीनचं सांगितलं, अंगावर धातू चालत न्हाई ते. मायनं ऐकलं. पण तिचं ध्यान भलतीकडंच होतं, शिवकुमारच्या खोलीच्या दाराकडं बघायली होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मायला घेऊन परभणी. वॉर्डात शिरली ती सरळ जाऊन खाटेवरच बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दाढी कुरवाळली, बोटं मोजली, लुळे पाय दाबून बघितले. बसू दहा आठवड्यांत रडला न्हवता, तो आज हंबरला. शेजारच्या खाटेवरचे लोक तोंड फिरवून बसले. मायनं स्वतःच्या हातानं लिंग बांधलं. तो डबी मुठीत धरून तसाच झोपी गेला.

मी पायथ्याशी उभी.

"तिथं कामून उभी हायस वं?" माय म्हणाली.

"गर्दी होती," म्हटलं. दोन माणसांची गर्दी!

अकोल्याचं सांगितलं. मायनं अण्णाला फोन लावायला लावला, "ताडकळसला आणते त्याला." अण्णा तिकडून रडला, पण हो म्हणाला न्हाई. मायनं फोन माझ्या हातात दिला. लेकाच्या घरात राहणारी बाई किती हट्ट करणार. माझ्याकडं बघितलं तिनं. मी डब्याचं झाकण लावत होते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शिवरात्र. उपास. देव्हाऱ्यात डबीच्या जागी गोल डाग दिसायलाय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शिवकुमारला फोन केला, मामाचं सांगितलं. उगीच विचारलं, तुझी खोली काही दिवस दिली तर? म्हणाला, "मम्मी, तुला झेपणार आहे का? आणि मी आलो तर मी कुठं झोपायचं?" बरोबर हाय त्याचं. मी 'उगीच विचारलं' म्हटलं आणि ठेवला.

अकोलाच बरं. सगळी सोय हाय तिथं. माणसानं भावनेच्या भरात करू नये. हे लिहून ठेवलं म्हणजे उद्या आठवंल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी वॉर्डबॉयनी बसूला गाडीत चढवला, खिडकीजवळच्या बाकड्यावर आडवा. घराच्या बाजूची. मायला पूर्णेला उतरायचं, मला पुढं अकोल्यापर्यंत. भक्ती मॅडम फलाटावर आल्या होत्या, गोळ्यांची पिशवी आणि कागद माझ्याकडं दिले, दोनदा समजावले.

बसू डबी मुठीत धरून पडला होता. मिरखेल स्टेशन गेल्यावर म्हणाला, "अक्का, जरा उठवून बसव." मी मायकडं बघितलं. मायनं उठवलं त्याला, तिच्यानं होत न्हवतं, दम लागला तिला. मी पिशवी धरून बसले होते. पिशवी!

पूर्णा आली. निळी टाकी दिसली. बसूनं काचेला कपाळ टेकवलं.

"खिडकी उघडी हाय," म्हणाला.

शिवकुमारच्या खोलीची. शनिवारपासून मीच लावायला विसरले होते. पडदा बाहेर आला होता वाऱ्यानं.

"कोण राहतंय तिथं?"

"कुणी न्हाई," मी म्हटलं.

"बरं," म्हणाला.

तो 'बरं' म्हणाला आणि माझ्या आत काहीतरी तुटलं बाई. ह्या पोरानं 'बरं' म्हणायला कधी शिकावं? माय उतरायला उठली होती. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली, आणि माझ्याकडं न बघताच दाराकडं निघाली.

मी म्हटलं, "थांब माय." मग दारातून ओरडले. फलाटावर दत्तराव हमाल होते, ह्यांच्या वेळचे, म्हातारे झालेत. "दत्तराव! माझा भाऊ हाय आत! उतरवायचाय!"

"अहो वैनी, तुमाला अकोल्याला जायचं हुतं न्हवं?"

"आता उतरवता का न्हाई?"

खुर्ची आणायला पोर पळालं, पण गाडीत तर उचलावंच लागतंय. दत्तरावांनी पाय धरले. मी वाकले, बसूच्या दोन्ही काखांत हात घातले आणि छातीशी धरून उचलला. किती हलका! शाळेत नेत होते तेवढा बी जड लागला न्हाई. त्याचं तोंड माझ्या खांद्यावर आलं. रडत होता, खांदा ओला झाला.

"पडंन मी, अक्का."

"कडेवरून कधी पाडलं का रे तुला?"

दम लागला, गुडघे कटकटा वाजले. गाडी सुटली तेव्हा आमी तिघं फलाटावर होतो. मग मॅडमना फोन केला. म्हटलं, ती खाट दुसऱ्या कुणाला द्या, लय जण व्हरांड्यात निजलेत. मॅडम बराच वेळ बोलल्याच न्हाईत. ह्या खेपेला मला कळलं कामून ते.

२ मार्च, रविवार

गोळ्या: सकाळी नऊ, रात्री नऊ. कूस: दर दोन तासाला, रात्री मायची पाळी न्हाई, तिला झोपू द्यायचं. पायाचे व्यायाम: उजवा अंगठा आज हलला. बसू म्हणतो हलला, माय म्हणती हलला, मला दिसलं न्हाई; तरी लिहिते हलला.

अण्णा आला होता. दारातच चप्पल काढून उभा राहिला, पोतंभर ज्वारी घेऊन. बसू आतून म्हणाला, "अण्णा, ये की." आत आला न्हाई. पण लगेच गेला बी न्हाई, तासभर ओट्यावर बसला.

बसू आल्यापासून दगडाबाई इकडं फिरकल्या न्हाईत. फिरकतील, न्हाईतर न फिरकतील.

शिवकुमारचा फोन आला. आवाज चढलेला. "मम्मी, मी आल्यावर मी कुठं झोपू?"

"तू ये तर आधी, राजा," म्हटलं. "माझ्याजवळ झोप."

त्यानं फोन ठेवला न्हाई. मी बी फोन ठेवला न्हाई.

जेवायच्या आधी बसूला पूजा करायची होती. तळहातावर लिंग घेतलं की हात थरथरायला लागायचा, पडंल म्हणून घाबरायचा. मी त्याच्या हाताखाली माझा हात धरला. मायनं पाणी घातलं. पाणी त्याच्या बोटांतून माझ्या बोटांवर आलं, गार. मग तिघं एकाच परातीभोवती जेवलो. सात भाकऱ्या थापल्या होत्या, कुत्र्याला उरली न्हाई.

देव्हाऱ्यात त्या डबीची जागा मोकळी दिसती. मायनं विचारलं, काही ठेवू का तिथं. मी म्हटलं, राहू दे मोकळी.